चैत्रात घाटवाट चढायची तर आधी तिची सावली बघा

विचारणाऱ्यांचा बेत थोडक्यात असा आहे. सहा जणांचा गट, पावसाळ्यात आणि थंडीत बरेच किल्ले केलेले. मार्चअखेरीस परीक्षा आटोपल्या की पायथ्याच्या खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढायचं, वर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी जेवून दुपारी गणेश घाटाने खाली उतरायचं आणि संध्याकाळची कर्जत लोकल गाठायची. चिखल नाही, शेवाळ नाही, ओढ्याला पाणी नाही, मग पावसाळ्यापेक्षा सोपंच जाईल ना? आणि माणशी पाणी किती घ्यावं?

सोपं जाणार नाही. पहिल्या दिवसाचा बेत चांगला आहे, फक्त निघायची वेळ पाळा. दुसऱ्या दिवशीचा बेत मात्र मी तुमच्या जागी असतो तर आजच बदलला असता. पाणी किती न्यायचं हेही त्यावरच ठरतं, म्हणून पाण्याकडे नंतर येतो.

पावसाळ्यातली अवघड वाट अवघड दिसते. धबधबा दिसतो, निसरडा कातळ दिसतो, माणूस आपोआप जपून पाऊल टाकतो. फाल्गुन-चैत्रातली वाट साळसूद दिसते. पांढरीफटक मळलेली पायवाट, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, वर निळं आकाश, मधूनच पेटल्यासारखा पळस नाहीतर पांगारा. अशा वाटेवर अनुभवी माणसंही बेफिकीर होतात, आणि या दिवसांत घाटात अडकलेल्यांत पावसाळ्यात भरपूर भटकलेले लोक बरेच असतात.

आधी सूर्याचं बघू. सह्याद्रीचा कोकणाकडचा कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागून येतो. मार्चच्या शेवटी कर्जत भागात साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, पण कड्याला बिलगून चढणाऱ्या वाटेवर ऊन यायला नऊ-साडेनऊ होतात. खोल नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी घळ, असेल तर दहा-अकरासुद्धा वाजतात. म्हणजे पहाटे पाचला चालायला लागलात तर चार-साडेचार तास कड्याच्या सावलीत चढता. दुपारी बरोबर उलटं होतं. बारानंतर सूर्य पश्चिमेकडे कलतो आणि सगळा कडा मावळेपर्यंत उन्हात भाजत राहतो. काळा बेसाल्ट ऊन पिऊन घेतो आणि सूर्य गेल्यावरही तासन्‌तास उष्णता परत टाकतो. शिडी घाटातली शिडी सकाळी सातला हाताला गार लागते, दुपारी तीनला ती उघड्या हाताने धरवत नाही.

आता तुमचा दुसऱ्या दिवशीचा बेत या हिशेबात बसवा. वर देवळाजवळ हजार मीटरच्या आसपास उंची आहे, झाडी दाट आहे, वारा आहे. जेवून दीडला निघालात की सूर्य थेट तोंडावर. उंची हजार मीटरने कमी झाली की हवा साधारण साडेसहा अंशांनी तापते, म्हणजे दर तासाला तुम्ही आणखी गरम हवेत उतरताय. पदराच्या, म्हणजे कड्याच्या मध्यावरच्या सपाटीच्या, खाली आलात की कोकणातली दमट हवा लागते, वारा पडतो, घाम वाळत नाही. अंगातलं पाणी तोपर्यंत कमी झालेलं, बाटलीतलंही संपत आलेलं, पाय दोन दिवसांचे थकलेले. अशा अवस्थेत वाटेचा सर्वांत सुटा, घसरणारा भाग शेवटी येतो. चढताना दम लागतो म्हणून माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही, लोकलची वेळ डोक्यात असते, म्हणून थांबत नाही.

इलाज सोपा आहे. उतरायचंच असेल तर तेही सकाळी उतरा. कोकणात उतरणारी वाट सकाळी सावलीत असते, मग चढायची असो की उतरायची. पहाटे उजाडायच्या आधी वर तयार राहून फटफटताच गणेश घाटाला लागलात तर दहा-साडेदहाला खांडसला असाल.

घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या वाटांना हा हिशेब उलटा लागू होतो. कळसूबाईची बारी गावातून जाणारी नेहमीची वाट पूर्वेकडून चढते. तिथे सूर्य उगवला की पाठीवर ऊन येतं आणि दुपार कलल्यावर डोंगराची सावली पडायला लागते. १६४६ मीटरच्या त्या शिखरावर लोक रात्री चढून सूर्योदयाला पोचतात त्याला हे एक कारण आहे, नुसती फोटोची हौस नाही. तेव्हा कुठलाही ट्रेक ठरवताना नकाशा उघडून एवढंच बघा की वाट डोंगराच्या कुठल्या अंगाने जाते आणि त्या अंगावर तुम्ही किती वाजता असाल. किती किलोमीटर आणि किती मीटर चढ हे त्याच्यानंतर.

इथे थोडं बोलून घेतो. मार्च-एप्रिलमध्ये चाळीस-चाळीस जणांचे गट बसने पायथ्याला साडेआठला पोचतात, पोहे-चहा होतो, ओळखपरेड होते, आणि दहाला चढाई सुरू होते. पावसाळ्यात हे खपून जातं. या दिवसांत दहाला चढायला लावणारा माणूस वाट ओळखत असेल, ऋतू ओळखत नाही. पैसे भरायच्या आधी ‘चालायला किती वाजता सुरुवात’ एवढा एकच प्रश्न विचारा.

आता घसारा. वाट कोरडी म्हणजे पकड चांगली, असं सपाट रस्त्यावर असेल. सह्याद्रीच्या उतारावर दिवाळीपर्यंत माती ओलसर असते आणि तिने लहान दगड धरून ठेवलेले असतात. थंडी संपताना ती माती सुकून आकसते, गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी भुगा होते, वाऱ्याने उडून जाते. मागे उरतो कडक पायावर पसरलेला सुटा मुरूम. त्यावर पाय ठेवला की बॉल-बेअरिंगवर ठेवल्यासारखा सरकतो. त्यात वाळलेलं गवत आडवं पडतं, त्याच्या काड्या उताराच्या दिशेनं विंचरल्यासारख्या लोळतात आणि त्यावरून बूट सुळकन जातो. हिरव्या गवतापेक्षा हे पिवळं गवत जास्त घसरवतं, आणि डोंगराच्या अंगाने जाणाऱ्या आडव्या वाटेवर, जिथे एका बाजूला दरी असते, तिथे ते सर्वांत वाईट.

उतरताना अंग मागे टाकायची सवय बहुतेकांना असते. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, वजन टाचेच्या मागे जातं आणि बूड टेकतं. गुडघे थोडे वाकवून वजन पावलांच्या बरोबर वर ठेवा, टाच रोवत लहान पावलं टाका, तीव्र उतार असेल तर आडवं वळून उतरा. पाय ठेवायला जमिनीत रुतलेला दगड शोधा, सुट्या गोट्यावर कधीच नको. आधाराला गवताच्या मुठी धरू नका. कारवी धरायची तर बुंध्याशी आणि आधी ओढून बघून, कारण वाळलेली कारवी कट्‌कन मोडते. एका हातात काठी हवीच, मग ती दुकानातली असो की गावातून घेतलेली. बुटाच्या तळव्याची खाच झिजलेली असेल तर पावसाळ्याची वाट न बघता आत्ताच नवे घ्या.

नाळेत आणखी एक गोष्ट सांभाळायची असते. सुटे दगड वरून येतात. कधी वरच्या गटाच्या पायाने, कधी वानरांच्या उड्यांनी. एकाच्या बरोबर खाली दुसरा असं कधीही चालू नका. अरुंद जागी एक जण पार होईपर्यंत बाकीच्यांनी बाजूला, कातळाच्या आडोशाला थांबायचं. दगड सुटला की तो लहान असो, मोठा असो, ओरडून सांगायचं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट पहिल्यांदा करायची असेल तर ती थंडीत करा. या दिवसांत तिथे जाणाऱ्यांनी हेल्मेट घालावं आणि गट लहान ठेवावा असं माझं मत आहे. हौसेचा पहिला उन्हाळी ट्रेक म्हणून ती वाट मुळीच निवडू नये.

पाण्याबद्दल आता. गडावर टाकं आहे म्हणजे पाणी आहे, हे गृहीत धरायचे दिवस माघातच संपतात. टाक्यांचेही प्रकार आहेत. उघड्यावर खोदलेलं टाकं फक्त पावसाचं पाणी साठवतं. ते फेब्रुवारीपर्यंत हिरवं होतं आणि एप्रिलमध्ये तळाला जातं. कातळाच्या पोटात आत खोदलेलं, खांब सोडलेलं टाकं सावलीत असल्याने पाणी जास्त टिकवतं. आणि काही टाक्यांना झरा असतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनलेला आहे. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी लालसर मातीचा पट्टा दिसतो. वरच्या थराच्या भेगांतून झिरपलेलं पाणी त्या पट्ट्याशी अडतं आणि आडवं वाहत कुठेतरी बाहेर पडतं. जुन्या लोकांनी टाकी खोदताना अशा जागा हेरलेल्या दिसतात. म्हणून शेजारशेजारच्या दोन टाक्यांतलं एक ठणठणीत आणि दुसरं गार पाण्यानं भरलेलं, असं होतं. कुलंग किल्ल्यावर ओळीनं टाकी आहेत आणि त्यांतलं पाणी उन्हाळ्यातही मिळतं, पण त्याच रांगेतल्या मदनवर मी पाण्याचा भरवसा धरणार नाही. राजगडावर पद्मावती तळ्यात पाणी दिसतं म्हणून ते पिण्याजोगं ठरत नाही.

तेव्हा आठवडाभराच्या आत तिथून आलेल्या माणसाला विचारा, आणि त्याहून चांगलं म्हणजे पायथ्याच्या गावात विचारा. ‘पाणी आहे का’ असं विचारलं तर ‘आहे’ असंच उत्तर येतं. ‘आता तुम्ही गुरांना पाणी कुठं दावता’, ‘वर गेलात तर पिता का ते’ असं विचारा, म्हणजे खरी बातमी कळते. मिळालेलं पाणी फडक्यातून गाळून, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून प्या. उकळण्याच्या भानगडीत पडू नका. या दिवसांत रानात चूल पेटवायचीच नाही, ते पुढे सांगतो.

तुमच्या चढाईसाठी माणशी चार लिटर. खांडसला निघायच्या आधी अर्धा-पाऊण लिटर पिऊन घ्या, ते यात धरलेलं नाही. चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. शिडी घाटात मार्चअखेरीस भरवशाचं पाणी नाही. पदरावर सुट्टीच्या दिवशी सरबतवाला भेटेल किंवा नाही, त्याच्यावर बेत आखू नका. माझा नियम असा आहे की निम्मं पाणी संपलं आणि अर्धी वाट झालेली नसली तर परत फिरायचं, चर्चा नाही. शेवटची एक बाटली गटाची म्हणून वेगळी ठेवायची आणि ती कुणी आजारी पडल्याशिवाय उघडायची नाही.

नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही. घामातून मीठ जातं, वर साधं पाणी पीत राहिलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते आणि माणूस ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी पितो. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात सगळी टाकायची, चवीला अर्धी नको. पुडी नसेल तर लिटरला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मला स्वतःला मीठ घातलेलं कोकम सरबत जास्त आवडतं आणि त्याबरोबर चिवडा, शेंगदाणे, काकडी, संत्री. बिस्किटं कोरड्या घशाखाली उतरत नाहीत, हा अनुभव तुम्हालाही येईल. कलिंगड खांडसपर्यंत आणा, वर वाहून नेण्यात शहाणपणा नाही.

उन्हाचा तडाखा कसा ओळखायचा हे गटातल्या प्रत्येकाला माहीत हवं. पायात गोळे येणं, चक्कर, मळमळ, भरपूर घाम आणि थंड ओलसर कातडी ही थकव्याची पायरी आहे. इथे थांबलात, सावलीत झोपवून पाय उंच केलेत, मीठ-साखरेचं पाणी दिलंत तर माणूस सावरतो. मात्र त्या दिवशी त्याची चढाई तिथेच संपली. माणूस असंबद्ध बोलायला लागला, विनाकारण चिडायला लागला, ‘आज वार कोणता’ याचं उत्तर देईना, झोकांड्या खायला लागला, तर तो उष्माघात समजायचा. घाम येत असला तरीही. शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मिनिटं मोजकी असतात. अशा वेळी पाणी पाजायला जाऊ नका, शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या श्वासनळीत ते जाऊ शकतं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, गटातलं सगळं पाणी त्याच्या अंगावर ओता आणि टोपीनं, चादरीनं, हाताला येईल त्यानं जोरात वारा घाला. मान, काखा, जांघा ओल्या ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. एकानं रेंज शोधून १०८ला फोन करायचा, पण अंग गार करणं थांबवायचं नाही. पारा किती होता यावर फार विसंबू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं दहाहून जास्त माणसं दगावली, तेव्हा पारा ३८ अंशांच्या आसपास होता आणि ती माणसं डोंगर चढत नव्हती, बसलेली होती. कोकणातल्या दमट हवेत ३८ हा आकडा विदर्भातल्या ३८ सारखा नसतो.

टोपी रुंद काठाची, पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, मानेवर ओला पंचा. अर्ध्या चड्डीत येणाऱ्यांना मी आणखी एका कारणासाठी परत पाठवतो. ते कारण म्हणजे खाजकुइली. तिच्या शेंगा या दिवसांत वाळून फुटायच्या बेतात असतात, त्यांवरची सोनेरी लव वाऱ्यानेही उडते आणि अंगाला लागली की माणूस नाचतो. चोळू नका, लगेच पाणीही लावू नका. चिकटपट्टी दाबून उपटली तर कुसं निघून येतात. गावातले लोक राख किंवा सुकं शेण फासतात, त्यानंही काम होतं.

आग्या मोहोळ हा या ऋतूतला सर्वांत गंभीर विषय आहे आणि लोक तो सर्वांत हसण्यावारी नेतात. रान फुललेलं असतं, म्हणून कड्यांच्या कपारीत, लेण्यांच्या कपाळपट्टीवर, उंच झाडांवर मोठमोठी पोळी लागलेली असतात. या माश्या उघड्यावर पोळं बांधतात, त्यामुळे धक्का लागायची गरज नसते. धूर, भडक अत्तर, ड्रोनचा आवाज, आरोळ्या, पोळ्याजवळून जाणारा दोर, एवढ्यानं उठतात. एक माशी चावली की तिच्या डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्यांना तो इशारा पोचतो. म्हणून चावलेल्या जागी उभं राहून झटकत बसणं म्हणजे आणखी बोलावणं. वाटेत पोळं दिसलं तर आवाज बंद, एकेकानं, शक्यतो वळसा घालून. उठल्याच तर तोंड, नाक, मान कापडानं झाकून थेट पळायचं, दाट झुडपात शिरायचं, आणि मागचे पुढच्यांना शोधत थांबायचे नाहीत. घसाऱ्यावर पळताना दरीकडे नाही, डोंगराच्या आतल्या बाजूनं. पाण्यात उडी मारून उपयोग नसतो, माश्या वर घिरट्या घालत राहतात. नंतर नांग्या नखानं किंवा कार्डाच्या कडेनं खरवडून जितक्या लवकर काढाल तितकं विष कमी जातं. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांध्या, श्वास घरघरणं असं काही दिसलं तर तो दवाखान्याचा मामला आहे, घरगुती उपायांचा नाही. गटात कुणाला मधमाशीची अ‍ॅलर्जी असेल तर त्यानं ते निघायच्या आधी सांगायला हवं.

वणवा. शिशिरात सुकलेलं गवत होळीनंतर कापरासारखं पेटतं. कुणी चांगलं गवत यावं म्हणून डोंगर जाळतो, कुणाच्या शेतातली राबाची भाजणी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, वाऱ्यानं बाहेर जाते, कुणी पर्यटक सिगारेट फेकतो. आग चढावर वेगानं धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. त्यामुळे धूर खालून येताना दिसला तर वर पळणं हा सर्वांत वाईट पर्याय, आणि नाळेत शिरणं त्याहून वाईट, कारण नाळ धुराड्यासारखी वारा ओढते. आडवं जा. मोकळा कातळ, गुरांनी तुडवलेलं मैदान, नांगरलेलं शेत, नाहीतर आधीच जळून काळी झालेली जमीन गाठा. जळलेल्या जमिनीवर पुन्हा जाळायला काही उरलेलं नसतं. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त माणसं गेली. डोंगर गवताचा, दुपारची वेळ, आग बघून गट विखुरला आणि माणसं वाट सुचेल तिकडे धावली. आपल्या डोंगरांतही तेच गवत आहे. सिंथेटिक कपडे अंगावर वितळतात, सुती घालायला सांगतो ते यासाठीही.

वणवा विझून आठ-दहा दिवस झालेल्या उतारावरून जावं लागलं तर पाऊल आणखी जपून. राखेखाली दगड दिसत नाहीत, आणि माती धरून ठेवणारी मुळं जळालेली असल्यानं कालपर्यंत पक्का असलेला दगडही निखळतो. आणि स्वयंपाक गावात करा, घरून डबा आणा, पण रानात काडी ओढू नका. भीमाशंकर अभयारण्य आहे, तिथे तो गुन्हाही आहे.

साप आणि विंचवाबद्दल थोडक्यात. रात्रीचं चालणं उन्हासाठी चांगलं, पण गरम रात्री फुरसं आणि घोणस वाटेवर येतात. टॉर्च पावलांवर ठेवा, दगड उचलताना आधी काठीनं हलवा, बूट घालताना झटका. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. दंशाचा अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयाकडे निघायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण बेत एप्रिलच्या मध्यावर किंवा पुढे ढकललात तर वळीव आणि वीज याचा विचार करावा लागेल. सकाळ लख्ख असते, दुपारी दोन-तीनला पूर्वेकडून ढग उभे राहतात आणि अर्ध्या तासात चित्र पालटतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या, पण घाटात रेंज नसते हेही लक्षात ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीननं भागलं की किलोमीटरमधलं अंतर मिळतं. मोजलेले सेकंद तीसच्या आत आले तर माथा, ध्वजस्तंभ, एकटं झाड, लोखंडी शिडी आणि रेलिंग सोडून खाली या. उथळ कपारीच्या तोंडाशी बसणं सुरक्षित नाही. सांधण दरीत उन्हाळ्यातही सावली असते म्हणून लोक एप्रिल-मेमध्ये तिथे गर्दी करतात, ते बरोबरच आहे. पण वळवाचा अंदाज असेल त्या दिवशी त्या चिंचोळ्या भेगेत उतरू नका. वर रतनगडाच्या बाजूला पडलेला पाऊस तुमच्याकडे पाण्याच्या लोंढ्यानं येईल आणि दोन्ही बाजूंना चढून जायला जागा नसेल.

या ऋतूत कुठे जावं असंही लोक विचारतात. जिथे झाडी आहे तिथे. भीमाशंकरचं रान म्हणूनच चांगलं आहे, वरचा सदाहरित पट्टा एप्रिलमध्येही गार असतो आणि शेकरू दिसण्याची शक्यता असते. बामणोलीहून लाँचनं जाऊन करायचा वासोटा, आहुप्याच्या माथ्यावरचं जंगल, आंबोली, जावळीकडचं रान, हे सगळं चालेल. अंजनी फुललेली असते, करवंदं पिकायला लागतात, तोरणं ही रानफळं मिळतात. उघडे बोडके बागलाणातले किल्ले, साल्हेर-मुल्हेर वगैरे, आणि अलंग-मदन-कुलंगची जोडणी दिवाळीनंतर करा.

आणि घाटमाथ्यावरच्या वाड्यांत या दिवसांत बायका हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. कुणी प्रेमानं पाणी दिलं तर प्यावं, बाटल्या भरून मागू नयेत आणि विहिरीवर अंघोळी तर करूच नयेत. मावशींच्या घरी जेवण सांगितलंत तर पाण्याचे पैसे वेगळे धरा, त्या मागणार नाहीत.

आता तुमचा बेत, मी आखेन तसा. शुक्रवारी रात्री कर्जतला उतरून सहा आसनी आधीच ठरवून ठेवा, कशेळेमार्गे खांडस. तिथल्या एखाद्या घरी अंगणात पाठ टेका. पहाटे पाचला टॉर्चच्या उजेडात निघा, उजाडताना शिड्यांशी असाल. शिडी घाट चढायलाच बरा, उतरायला नको. आठ-साडेआठपर्यंत पदर, तिथे पोटभर खाऊन वीस मिनिटं विश्रांती, आणि अकराच्या आत वर. दुपार झोपेत घालवा. संध्याकाळी गुप्त भीमाशंकरकडे आणि नागफणीकडे फिरून या, पश्चिमेचा कडा आणि पदरगड तिथून नीट दिसतो आणि उद्याची वाट कशी जाते तेही कळतं. रविवारी पहाटे साडेपाचला गणेश घाटानं खाली. कुणाचे गुडघे दुखत असतील, रात्री झोप झाली नसेल किंवा उठायला सात वाजले, तर घाट उतरूच नका. भीमाशंकरहून मंचरमार्गे पुण्याला एसटी आहे. तिकीट काढा, खिडकी धरा, पुण्याहून मुंबईची गाडी पकडा.